‘बॅटरी गेली’ म्हणण्याआधी: जुनी मोटरसायकल सुरू होत नसेल तर काय तपासाल?

सकाळची वेळ. शाळेची बस चुकलेली, ऑफिसची मीटिंग साडेनऊला, आणि बेसमेंटमधली गाडी सेल्फचं बटण दाबल्यावर फक्त ‘टक’ म्हणते. मग शेजारचे काका येतात, वॉचमन येतो, कोपऱ्यावरचा मेकॅनिक अण्णा येतो. सगळ्यांचं निदान एकच असतं, ‘बॅटरी होगिदे’. म्हणजे बॅटरी गेली.

बेंगळुरूत जुनी मोटरसायकल सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर हे कन्नड वाक्य कधी ना कधी पडलेलं असतं. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण बऱ्याचदा नसतंही. नवी बॅटरी बसते, गाडी आठवडाभर छान चालते आणि पुन्हा ‘टक’. मग रेक्टिफायर बदलतो, मग कॉइल, मग सेल्फची मोटर. शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘वायरिंगच गेलंय, विकून टाका.’ अशा रीतीने बाबांनी वीस वर्षं जपलेली गाडी भंगारात जाते आणि खरा बिघाड मात्र गंजलेल्या एका वायरीत असतो.

आजचा विषय हाच आहे. पार्ट बदलण्याआधी मोजायचं कसं? त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. काही शे रुपयांत मिळणारा डिजिटल मल्टीमीटर, अर्धा तास आणि थोडा धीर एवढं पुरतं.

बेंगळुरू आणि जुन्या गाड्या

जुन्या मोटरसायकलींशी या शहराचं नातं जुनं आहे. इथून जवळच्या म्हैसूरमध्ये रुस्तम आणि फारुख इराणी यांनी १९६० मध्ये आयडियल जावा ही कंपनी सुरू केली. १९६१ मध्ये कारखान्याचं उद्घाटन तेव्हाचे राज्यपाल जयचामराजेंद्र वडियार यांनी केलं. पुढे १९७३ पासून या गाड्या ‘येझदी’ नावाने विकल्या जाऊ लागल्या आणि १९९६ मध्ये उत्पादन थांबलं. गंमत म्हणजे बेंगळुरूत जुन्या-नव्या गाड्यांचे पार्ट शोधायला लोक ज्या जेसी रोडवर जातात, तो रस्ता याच जयचामराजेंद्रांच्या नावाचा आहे.

एका पिढीला ‘मायको प्लग’ हा शब्दही आठवत असेल. १९५१ साली स्थापन झालेली मायको कंपनी, तिचा आडुगोडीचा कारखाना आणि तिथले स्पार्क प्लग देशभरातल्या दुचाकींमध्ये बसत. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, पण बीटीएमजवळचं ‘मायको लेआउट’ हे नाव अजून टिकून आहे.

आज इथल्या घरांमध्ये येझदी आणि बुलेट आहेत, १९८५ ते १९९६ या काळातली यामाहा आरएक्स १०० आहे, १९९४ नंतरची स्प्लेंडर आहे, आणि पुण्याहून, कोल्हापूरहून, बेळगावहून नोकरीसाठी इकडे आलेल्या मंडळींनी सोबत आणलेल्या पल्सर तर कितीतरी आहेत. या सगळ्या गाड्यांची वीजव्यवस्था सारखी नाही. म्हणून तपासणीची सुरुवात मीटरपासून नाही, एका प्रश्नापासून करायची.

पहिला प्रश्न: ठिणगीला बॅटरी लागते का?

पेट्रोलच्या इंजिनात प्लगवर ठिणगी पडली तरच इंजिन पेटतं. ही ठिणगी कुठून येते, यावरून जुन्या गाड्यांचे ढोबळ तीन प्रकार पडतात.

*पॉइंटवाल्या गाड्या:* जुन्या जावा-येझदी आणि जुन्या बुलेट या गटात येतात. इथे बॅटरीतून कॉइलला करंट जातो. पॉइंट उघडले की ठिणगी पडते. बॅटरी पूर्ण उतरली तर किक मारून दमायला होतं, पण गाडी दाद देत नाही. जुन्या जावा ६ व्होल्टच्या आहेत, हेही लक्षात ठेवायला हवं.

*मॅग्नेटवर चालणाऱ्या सीडीआयच्या गाड्या:* आरएक्स १०० आणि जुनी स्प्लेंडर ही याची ओळखीची उदाहरणं. इंजिन फिरलं की मॅग्नेटजवळची कॉइल स्वतः वीज तयार करते आणि तीच ठिणगीला पुरते. बॅटरी मेली तरी किकने गाडी सुरू होते. हॉर्न आणि इंडिकेटर तेवढे रुसतात. म्हणून अशी गाडी किकनेही सुरू होत नसेल, तर बॅटरी बदलून काहीही साधणार नाही.

*बॅटरीवर चालणाऱ्या सीडीआयच्या गाड्या:* २००० नंतरच्या अनेक सेल्फवाल्या गाड्यांमध्ये ठिणगीचा बॉक्स बॅटरीवर चालतो. बॅटरी फारच उतरली की सेल्फ तर बंद होतोच, पण किक किंवा धक्काही कामाला येत नाही.

तुमची गाडी कुठल्या गटात आहे, हे गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत सापडेल. पुस्तिका हरवली असेल तर मेकॅनिकला नेमका हाच प्रश्न विचारा. या एका उत्तराने निम्मा गोंधळ संपतो.

मीटर काढण्याआधी दोन मिनिटं

काही गोष्टी इतक्या साध्या असतात की त्या तपासायच्याच राहून जातात.

१. हँडलवरचा लाल किल स्विच चालू बाजूला आहे ना? लहान मुलं गाडीवर बसून खेळली असतील तर हा पहिला संशयित.

२. गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना? हिरवा दिवा लागतो का? अनेक गाड्या गिअरमध्ये असताना क्लच दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाहीत. क्लच लिव्हरच्या मुळाशी एक छोटा स्विच असतो. तो धुळीने अडकला तरी बटण दाबल्यावर शांतताच असते.

३. स्टँड खाली असताना सेल्फ बंद ठेवणारा स्विच काही गाड्यांत असतो. तोही पाहा.

४. चावी फिरवल्यावर एकही दिवा लागत नाही? मग आधी फ्यूज काढून उजेडात धरा. आतली तार तुटलेली दिसली तर त्याच आकड्याचा नवा फ्यूज लावा. तो पुन्हा उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. तिथे थांबा.

५. बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलचे स्क्रू हाताने हलवून पाहा. हलले तर घट्ट करा. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर आधी वजा वायर, मग अधिक वायर काढा, पॉलिश पेपरने चकचकीत करा आणि लावताना उलट क्रम ठेवा. वरून पातळसं व्हॅसलिन लावलं की बुरशी लवकर परतत नाही.

एवढ्याने गाडी सुरू झाली तर उत्तम. नाही झाली तर मीटर काढा.

विश्रांतीतली बॅटरी काय सांगते?

मीटर डीसी व्होल्टच्या २० च्या खुणेवर ठेवा. लाल काडी बॅटरीच्या अधिकवर, काळी वजावर. चावी बंद. गाडी निदान दोन-तीन तास उभी असावी, म्हणजे आकडा खरा येतो.

१२ व्होल्टच्या बॅटरीसाठी हिशेब साधारण असा: १२.६ ते १२.८ म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. ६ व्होल्टच्या जुन्या जावासाठी ६.३ ते ६.४ हा भरलेल्या बॅटरीचा आकडा.

पण इथे एक लक्षात घ्या. रिकामी बॅटरी आणि खराब बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी महिनाभर उभी राहिली आणि बॅटरी ११.८ वर आली, तर ती आधी चार्जरवर लावा. रात्रभर चार्ज करून काही तास बाजूला ठेवल्यावर १२.६ च्या आसपास टिकली तर तिला अजून एक संधी द्या. पुन्हा १२ वर घसरली तरच ‘गेली’ म्हणा.

आणि १२.६ दिसले म्हणून ‘बॅटरी चांगली’ असंही लगेच म्हणू नका. खरी परीक्षा पुढे आहे.

बटण दाबा आणि आकडा वाचा

या कामाला दोन माणसं लागतात. एकाने बटण दाबायचं, दुसऱ्याने मीटर वाचायचा. घरातल्या नववी-दहावीच्या मुलांना मीटर वाचायला बसवा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, मीटरच्या काड्या बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवून सेल्फ दाबा. तीन शक्यता आहेत.

*आकडा धाडकन ८ किंवा त्याखाली पडला:* बॅटरी कमजोर आहे. चांगली चार्ज करूनही असंच झालं तर तिचा काळ संपला. बटण धरून ठेवल्यावर ‘टक-टक-टक-टक’ असा भराभर आवाज येणं ही याचीच खूण. बॅटरी रिले ओढते, पण ओझं पडताच दमते आणि रिले सुटतो. हेच पुन्हा पुन्हा होतं. क्वचित सेल्फची मोटरच अडकलेली असल्यामुळेही आकडा असा पडतो. म्हणून दुसरी चांगली बॅटरी लावून एकदा खात्री करावी.

*आकडा जागचा हलला नाही आणि आवाजही नाही:* बॅटरीकडे कुणी काही मागितलंच नाही. म्हणजे बटणाचा निरोप रिलेपर्यंत पोचत नाहीये. बटणाचे संपर्क, क्लचचा स्विच, न्यूट्रलचा स्विच, किल स्विच किंवा रिलेची बारीक वायर यांपैकी काहीतरी आहे. इथे नवी बॅटरी घेणं म्हणजे पाय दुखतोय म्हणून चष्मा बदलणं.

*आकडा १२ च्या वर, एकच जोरदार ‘टक’, पण मोटर फिरत नाही:* रिले ओढला गेला, पण पुढे करंट गेला नाही. रिलेच्या आतला संपर्क जळलेला असेल, जाड वायरीचं टोक गंजलं असेल, अर्थिंग ढिलं असेल किंवा मोटरचे कार्बन झिजले असतील.

सेल्फ फिरत असताना चांगल्या बॅटरीचा आकडा साधारण ९.५ ते १० च्या खाली जाऊ नये. हा एक आकडा लक्षात ठेवला तरी पुष्कळ.

‘पण हेडलाइट तर लागतोय!’

हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. दिवा लागतो म्हणजे वायरिंग ठीक, असा समज सगळीकडे आहे. तो का चुकीचा आहे, हे शाळेच्या विज्ञानात शिकलेला ओहमचा नियम सांगतो. व्होल्ट म्हणजे अँपिअर गुणिले ओहम.

समजा, बॅटरीच्या वायरीचं एक टोक गंजलं आहे आणि तिथे फक्त ०.१ ओहमचा अडथळा तयार झाला आहे. छोटा दिवा १ अँपिअर घेतो. त्या अडथळ्यात वाया गेले ०.१ व्होल्ट. दिव्याला पत्ताही लागत नाही, तो छान उजळतो. आता सेल्फ दाबला. मोटरला समजा ५० अँपिअर हवेत. ५० गुणिले ०.१ म्हणजे ५ व्होल्ट! एवढे व्होल्ट त्या गंजातच अडकू पाहतात. मोटरच्या वाट्याला पुरेसा करंट येत नाही आणि ती जागची हलत नाही.

अरुंद गल्लीतून एक सायकल आरामात जाते, पण त्याच गल्लीतून पन्नास सायकली एकदम सोडल्या तर सिल्क बोर्डचा चौक होतो. गल्ली तीच असते, गर्दी वेगळी असते.

यावरूनच जुन्या गाडीसाठी सगळ्यात उपयोगी चाचणी निघते. लाल काडी इंजिनच्या स्वच्छ धातूवर, काळी काडी बॅटरीच्या वजावर टेकवा आणि सेल्फ दाबा. दोन्ही जागा एकाच वायरीची दोन टोकं आहेत, त्यामुळे आकडा जवळपास शून्य हवा. ०.२ पर्यंत ठीक. १ किंवा २ व्होल्ट दिसले तर अर्थिंगची वायर किंवा तिचा बोल्ट हाच चोर. तो बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज घासून काढा, घट्ट बसवा. खर्च एका पॉलिश पेपरचा!

अधिकच्या बाजूलाही हेच करा. बॅटरीची अधिक खुंटी ते रिलेचं बॅटरीकडचं टोक, मग रिलेचं मोटरकडचं टोक ते मोटरचा बोल्ट. बटण दाबल्यावर जिथे व्होल्ट दिसतील तिथे बिघाड लपलेला आहे. रिलेच्या दोन जाड टोकांमध्ये ‘टक’ झाल्यानंतरही मोठा आकडा दिसला तर रिलेच बदलायचा. कुठेही काही सापडलं नाही, तर मग मोटरचे कार्बन उघडून पाहण्याची वेळ आली.

इंजिन फिरतं, पण पेटत नाही

सेल्फ किंवा किकने इंजिन व्यवस्थित फिरतंय, टाकीत पेट्रोल आहे, कॉक उघडा आहे, तरी गाडी सुरू होत नाही. आता ठिणगीकडे वळा.

प्लग काढा. तो पुन्हा टोपीत बसवा आणि त्याचा धातूचा भाग इंजिनच्या धातूला नीट टेकवून ठेवा. प्लगच्या भोकापासून तो लांब असू द्या, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. हाताने धरू नका. झटका जबरदस्त असतो. आता किक मारा. निळसर, कडक ठिणगी दिसली तर वीजव्यवस्था बहुतेक निर्दोष आहे, कार्ब्युरेटर पाहा. पिवळी, मरगळलेली ठिणगी किंवा काहीच नाही, तर पुढे चला. सीडीआयच्या गाडीत प्लगची वायर हवेत मोकळी सोडून किक मारू नका, बॉक्स खराब होऊ शकतो.

सगळ्यात स्वस्त गोष्टीपासून सुरुवात करा. नवा प्लग लावून पाहा. मग प्लगची टोपी फिरवून काढा, वायरीचं काळवंडलेलं टोक काही मिलिमीटर कापा आणि टोपी परत घट्ट बसवा. टोपीत पाणी शिरल्यामुळे पावसाळ्यात बंद पडलेल्या कितीतरी गाड्या एवढ्यावर सुरू होतात.

पॉइंटवाल्या गाडीत झाकण उघडून पॉइंट पाहा. गाडी बरेच महिने उभी असेल तर पॉइंटवर न दिसणारा थर बसतो. बारीक पॉलिश पेपर आणि मग कोरा जाड कागद फिरवून तो काढता येतो. मीटरने खात्री करायची तर चावी चालू ठेवून पॉइंटची हलणारी बाजू आणि इंजिन यांच्यामध्ये व्होल्ट मोजा. पॉइंट उघडे असताना बॅटरीइतके व्होल्ट आणि मिटलेले असताना जवळजवळ शून्य दिसायला हवेत. उघडतानाची फट बहुतेक गाड्यांत ०.३५ ते ०.४ मिलिमीटर असते, पण अंतिम शब्द पुस्तिकेचा. पॉइंटवरच मोठ्या ठिणग्या उडत असतील आणि ते सारखे जळत असतील तर कंडेन्सरवर संशय घ्या. काम झालं की चावी बंद करायला विसरू नका. पॉइंट मिटलेले असताना चावी चालू राहिली तर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

जुन्या बुलेटवाल्यांकडे तर मीटर आधीच बसवलेला आहे. हेडलाइटच्या वरचा अँपिअरमीटर! चावी चालू ठेवून किक हळूहळू खाली दाबा. पॉइंट मिटले की काटा वजाकडे झुकतो, उघडले की मध्ये येतो. काटा जागचा हलतच नसेल तर कॉइलपर्यंत करंट पोचत नाही किंवा पॉइंट मिटत नाहीत.

मॅग्नेटवर चालणाऱ्या सीडीआयच्या गाडीत एक वेगळी गंमत असते. चावी बंद केली की एक वायर अर्थ होते आणि ठिणगी थांबते. म्हणजे ती वायर कुठे घासून फ्रेमला लागली तर गाडीला वाटतं, मालकाने चावी बंदच ठेवली आहे. सीडीआयपाशी ती वायर सोडवून किक मारल्यावर ठिणगी आली, तर बिघाड चावीच्या स्विचमध्ये किंवा त्या वायरीत आहे. फक्त अशा वेळी इंजिन चावीने बंद होणार नाही, हे आधी ठरवून घ्या. गिअर टाकून, ब्रेक धरून, क्लच हळू सोडून ते बंद करावं लागेल.

आणखी एक खूण. गाडी थंड असताना सुरू होते, वीस मिनिटांनी तापल्यावर बंद पडते आणि अर्धा तास थांबल्यावर पुन्हा सुरू होते. हे दिसलं तर इग्निशन कॉइल किंवा पिकअप कॉइल तपासून घ्या. तापल्यावर आतली बारीक तार सुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. अशी गाडी थंड असताना मेकॅनिककडे नेली तर तिथे ती शहाण्यासारखी वागते. म्हणून बंद पडली की लगेच, गरम असतानाच ठिणगी पाहायची.

नवी बॅटरी पुन्हा का उतरली?

याचं उत्तर चार्जिंगमध्ये असतं. गाडी सुरू करा, मीटर बॅटरीवर ठेवा आणि इंजिनचा वेग थोडा वाढवा. आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान जायला हवा. ६ व्होल्टच्या गाडीत तो ७ च्या आसपास असतो.

१२.५ वरच अडकला तर बॅटरीला काही मिळत नाही. मॅग्नेटची कॉइल, रेक्टिफायर किंवा मधला सॉकेट यांपैकी एक जण काम करत नाही. आधी सॉकेट सोडवून पाहा. तपकिरी झालेलं, वितळलेलं प्लॅस्टिक हा थेट पुरावा. उलट आकडा १५ च्या वर जात असेल तर रेक्टिफायर बॅटरीला जास्त पाजतोय. अशा गाडीत बॅटरी उकळते, बल्ब वारंवार जातात. दोन्ही बाबतीत नुसती बॅटरी बदलली तर तीही जुनीच्याच वाटेने जाणार.

बेंगळुरूच्या रहदारीची यात भर पडते. घर ते मेट्रो स्टेशन दोन किलोमीटर, त्यात चार सिग्नल, प्रत्येक ठिकाणी गाडी बंद करून पुन्हा सेल्फ. एवढ्याशा प्रवासात, तेही कमी वेगात, खर्च झालेली वीज भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा गाडी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास फिरवा. किक असेल तर दिवसाची पहिली सुरुवात किकनेच करा.

नंतर बसवलेल्या गोष्टीही पाहा. मोबाइल चार्जर, जादा एलईडी, अलार्म, जीपीएस हे सगळं कधीकधी थेट बॅटरीला जोडलेलं असतं आणि रात्रभर थोडं थोडं पीत राहतं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या जोरदार पावसानंतर सॉकेटमध्ये पाणी राहतं आणि हिरवा गंज धरतो. बेसमेंटमध्ये उभ्या गाडीच्या वायरी उंदरांनाही आवडतात. सीट काढून टॉर्च मारली की यातलं बरंच काही दिसतं.

हे मात्र करू नका

फ्यूजच्या जागी चांदीचा कागद किंवा साधी तार लावू नका. फ्यूज जळतो तो गाडी जळू नये म्हणून.

६ व्होल्टच्या गाडीला १२ व्होल्टच्या बॅटरीने जंपस्टार्ट देऊ नका. कारवरून जंप द्यायचा असेल तर कारचं इंजिन बंद ठेवा.

मीटर अँपिअरच्या खुणेवर असताना सेल्फ दाबू नका, मीटरचा फ्यूज जाईल किंवा मीटरच.

बॅटरी चार्ज होताना ज्वलनशील वायू निघतो. जवळ देवाची समई, सिगारेट, गॅस काही नको. आम्लाची बॅटरी असेल तर पाणी डिस्टिल्डच घाला आणि लहान मुलांना लांब ठेवा.

बंद बेसमेंटमध्ये इंजिन बराच वेळ चालू ठेवून तपासणी करू नका. धूर जीवघेणा असतो.

अण्णांना काय सांगाल?

हे सगळं मेकॅनिकला बाजूला सारण्यासाठी नाही. मॅग्नेट उघडणं, सेल्फची मोटर दुरुस्त करणं, हार्नेस नव्याने बांधणं ही त्यांचीच कामं आहेत आणि ती त्यांनाच द्यावीत. फरक पडतो तो आपण काय सांगतो यात.

‘गाडी सुरू होत नाही’ असं म्हटलं की अंदाज सुरू होतात. त्याऐवजी म्हणा, ‘अण्णा, बॅटरी उभी असताना १२.६ आहे, सेल्फ दाबल्यावर ११.९ राहते, एकच टक आवाज येतो, आणि अर्थिंगवर दीड व्होल्ट दिसतात.’ कन्नड येत नसेल तरी आकडे सगळ्यांना कळतात. चांगला मेकॅनिक खूश होतो, कारण त्याचा अर्धा तास वाचतो. आणि अंदाजाने पार्ट बदलणाऱ्यालाही कळतं की समोरच्याने मोजून आणलंय.

एक छोटी वही गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. दर तीन महिन्यांनी तीन आकडे लिहा: उभी असताना, सेल्फ दाबताना आणि इंजिन चालू असताना. बॅटरी एका रात्रीत मरत नाही. सेल्फचा आकडा ११ वरून १०.५ वर, मग १० वर येत जातो. वही असेल तर तुम्हाला आधीच कळतं आणि मुलाखतीच्या किंवा परीक्षेच्या दिवशी गाडी दगा देत नाही.

पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. तेव्हा गाडी तपासली जाते. दिवे, हॉर्न, इंडिकेटर सगळं चालू लागतं. अनेक घरांत नेमका याच वेळी प्रश्न येतो, ठेवायची की विकायची? विकण्याची कारणं खरी असू शकतात. इंजिन थकलेलं असेल, पार्ट मिळत नसतील, चालवणारं कुणी नसेल. पण ‘सुरू होत नाही’ हे एकटं कारण पुरेसं नाही. तो निर्णय घेण्याआधी एका रविवारी आजोबा, आई-बाबा, मुलं सगळे मिळून गाडीपाशी बसा. ज्यांनी पॉइंट घासलेत ते सांगतील, ज्यांना ओहमचा नियम येतो ते आकडे वाचतील. गाडी ठेवा किंवा विका, पण काय बिघडलंय ते कळल्यावर.